बाळाची तारीख आणि झाडाचा बहर

डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायची, झोपाळ्यावर बसवायचं, हाती धनुष्यबाण द्यायचं आणि फोटो काढायचा, ही आपल्याकडची जुनी हौस. आता ती बागेत, माळावर, बहरलेल्या झाडाखाली निघाली आहे. हौस करावीच. पण परदेशी फोटो समोर ठेवून आखणी केली, तर गर्भारणीची दमछाक होते आणि मनातली फुलंही मिळत नाहीत.

गैरसमज : नववा महिना लागला की फोटो सगळ्यांत छान येतात.
वस्तुस्थिती : साधारण २८ ते ३४ आठवडे हा काळ उत्तम. पोट छान दिसतं आणि चालणं-बसणंही जमतं. जुळी असतील तर थोडं आधीच उरका. फूल कोणतं, हेही इथेच ठरतं. प्रसूतीची तारीख १५ मे असेल, तर हे आठवडे २० फेब्रुवारी ते ३ एप्रिलच्या आसपास येतात. म्हणजे पळस. तारीख ३० जून असेल, तर ७ एप्रिल ते १९ मे. म्हणजे बहावा.

गैरसमज : वसंतात कासच्या पठारावर फुलांचे गालिचे असतात.
वस्तुस्थिती : कासचा बहर पावसाळ्याच्या अखेरीचा. मार्च-एप्रिलमध्ये तिथे वाळलेलं गवत दिसतं. महाराष्ट्रातला वसंत झाडांवर फुलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर. एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण, गुलमोहर. पळसाची फुलं उंच, निष्पर्ण फांद्यांवर असतात, म्हणून कॅमेरा खाली धरून आभाळासकट फांदी घ्यावी लागते. बहाव्याचे पिवळे घोस खाली लोंबतात. ठेंगणं झाड मिळालं तर चेहऱ्याजवळ येतात. पांगारा, काटेसावर आणि बोगनवेल यांना काटे असतात, त्यांना टेकू नये. दोन-चार दिवस आधी कुणीतरी जाऊन झाड पाहून यावं, कारण बहर दरवर्षी थोडा मागेपुढे होतो. सार्वजनिक बागेत व्यावसायिक फोटोंसाठी परवानगी लागते का, तेही तेव्हाच विचारावं.

गैरसमज : वाडी आदल्या दिवशी करून ठेवली तरी चालते.
वस्तुस्थिती : मोगऱ्याचा हंगाम नेमका उन्हाळ्यातला, पण त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात. आदल्या दिवशी गुंफलेली वाडी सकाळपर्यंत उमलून कडेने तांबूस पडते. शूट सकाळी असेल तर मुंबईतल्या दादर किंवा पुण्यातल्या गुलटेकडीच्या फूलबाजारातून पहाटे घट्ट कळ्या आणाव्यात आणि गुंफेपर्यंत ओल्या फडक्यात ठेवाव्यात.

गैरसमज : लख्ख ऊन असलं की फोटो चांगला येतो.
वस्तुस्थिती : दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि पाकळ्यांचा रंग उडाल्यासारखा दिसतो. शिवाय गरोदरपणात उन्हाचा त्रास लवकर होतो. मार्चच्या मध्यात पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. तिथून तासाभरात काम आटोपावं. पाणी, खाणं आणि बसायला खुर्ची सोबत हवीच. जवळ स्वच्छतागृह आहे ना, हे जागा ठरवतानाच बघावं.

गैरसमज : पाकळ्यांवर उताणं झोपून काढलेला फोटो निर्धोक असतो.
वस्तुस्थिती : गर्भाशय जड झालं की उताणं झोपल्यावर शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दाबली जाते. रक्तदाब उतरतो, चक्कर येऊ शकते. डाव्या कुशीवर, उशीचा आधार घेऊन तोच फोटो सुरेख येतो.

गैरसमज : फुलं नैसर्गिक, त्यांचा कसला त्रास?
वस्तुस्थिती : पळस-बहाव्यासारख्या ठसठशीत फुलांचे परागकण पक्षी-कीटक वाहून नेतात. हवेतून पसरून त्रास देणारे परागकण मुख्यतः गवतांचे आणि काही झाडांचे असतात, तेव्हा फुलोऱ्याला उगाच घाबरू नका. पण निशिगंधाच्या उग्र वासाने मळमळ वाढू शकते, म्हणून फुलं गर्भारणीला आधी हुंगायला द्या. कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात. ती वापरूच नका. दमा असेल तर डॉक्टरांना विचारा.

गैरसमज : फ्लॅशमुळे बाळाला अपाय होतो.
वस्तुस्थिती : फ्लॅश म्हणजे साधा प्रकाश. त्याने बाळाला इजा होत नाही.

रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल किंवा विश्रांती सांगितली असेल, तर बाहेर जाण्याचा हट्ट सोडावा. खिडकीशी पाट मांडावा, घरातच वाडी भरावी. बहर झाडावरचा असो की परडीतला, तिला अवघडल्यासारखं वाटलं तर ते फोटोत उतरतंच.