जुनी पिकअप घेताना इंजिनाआधी आरसी बुक उघडा

हुपरीची ओळख चांदीने आहे. पण चांदीच्या कारागिराचा माल पिशवीत मावतो, त्याला पिकअप लागत नाही. ती लागते त्याच गावातल्या इतरांना. पहाटे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून फळे आणणारे बागवान, भंगाराचे व्यापारी, ग्रिल-शटर बनवून साइटवर नेणारे मिस्त्री, गाद्या पोचवणारे पिंजारी, इचलकरंजीच्या मागांसाठी सूत वाहणारे आमचे बंधू. भाड्याच्या टेम्पोवर रोज पैसे घालण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी, असे यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटते.

नवी गाडी म्हणजे हप्ता आणि हप्ता म्हणजे व्याज. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ते नको असते. मग भिशीचे पैसे, घरातले थोडे दागिने, मेहुण्याकडून उसने, असे करून रोख रक्कम जमते आणि आठ-दहा वर्षे चाललेली गाडी पाहिली जाते. यात गैर काहीच नाही. मात्र बँक पैसे देते तेव्हा निदान ती तरी कागद तपासते. रोखीच्या सौद्यात तपासणारे आपणच असतो. म्हणून हा विषय आम्ही सविस्तर घेत आहोत.

बाजारात २००५ साली आलेली टाटा एस ही लहान गाडी, तर ४०७ ही मोठी. या दोहोंच्या मधला वर्ग म्हणजे महिंद्राची पिकअप, टाटाची २०७ व नंतरची योद्धा, आणि २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त. या वर्गात एक आकडा फार महत्त्वाचा आहे, आणि तो विक्रेता सहसा सांगत नाही. आरसीवर गाडीचे भारासह एकूण वजन लिहिलेले असते. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिटची गरज नाही. त्याच्या वर गेले की परमिट आले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पिकअपपैकी एक या रेषेच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे असू शकते. ड्रायव्हिंग लायसनबद्दलची भीती मात्र आता सोडावी. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे, की हलक्या वाहनाचे लायसन असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतले मालवाहू वाहन चालवू शकतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. त्याआधीच्या जुन्या डिझेल गाड्यांची इंजिने साधी, गावातला मिस्त्रीही उघडतो, आणि मोठे काम निघालेच तर कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ आहे. बीएस-६ गाडी धूर कमी करते, पण तिचे सेन्सर आणि सायलेन्सरमधले भाग बिघडले तर खर्च मोठा. कमी पैशात जुनी गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

गाडी पाहायला जाताना आधी फोन करून 'इंजिन गरम करू नका' असे सांगावे, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झाले तर ठीक. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नये. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडून पाहावे. भकाभक धूर आला तर रिंगा-लायनर झिजले आहेत.

पण आमचा अनुभव असा, की पिकअप इंजिनाने कमी आणि चेसिसने जास्त फसवते. इंजिन दुरुस्त होते, वाकलेली चेसिस सरळ होत नाही. म्हणून किलोमीटरच्या काट्यापेक्षा 'या गाडीने काय वाहिले?' हा प्रश्न मोलाचा. कोकणातून मासळी आणणारी गाडी खाऱ्या पाण्याने खालून कुजते. रासायनिक खत वाहणाऱ्या गाडीचा हौदा गंजतो. वाळू, खडी, लोखंड वाहणारी गाडी भाराने खचते. दुधाची गाडी रोजची पळालेली असते, पण तिचा भार ठरलेला असतो. हौद्यात नवा पत्रा किंवा नवा रंग दिसला तर खाली वाकून पाहावे. मागच्या पाट्यांत एखादा जादा पाटा चढवला आहे का, पाटे जिथे चेसिसला अडकतात तिथे वेल्डिंगची रेघ आहे का, हे टॉर्चने पाहावे. तिथे वेल्डिंग दिसली तर चहा पिऊन परत यावे.

चाचणी रिकाम्या गाडीने घेऊ नये. हुपरीचा मुलूख सपाट, रिकामी गाडी इथे कोणतीही पळते. दहा-बारा पोती टाकून एखाद्या चढावर न्यावी. उद्या हीच गाडी करूळ घाटातून तळकोकणात उतरणार असेल, तर ब्रेकची परीक्षा आजच झालेली बरी.

आता कागद. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळवावा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची पासिंग फी १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढली आहे. स्वस्त मिळालेली चौदा वर्षांची गाडी वर्षभरात महाग पडते ती अशी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का आणि दंडाची चलने बाकी आहेत का, तेही पाहून घ्यावे.

हुपरीपासून कर्नाटकाची हद्द जवळ आहे. निपाणी-चिकोडी भागातली केए नंबरची गाडी इथे स्वस्त म्हणून दाखवली जाते. तिला तिथल्या आरटीओचे ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते, इथे नवा एमएच नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. हा खर्च किमतीत मिळवून मगच 'स्वस्त' म्हणावे.

सर्वांत मोठा घोळ होतो तो नावावर करण्यात. विक्रेता टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या देतो, घेणारा ते कागद डॅशबोर्डात ठेवतो आणि वर्षानुवर्षे गाडी दुसऱ्याच्या नावावर चालते. कायद्याप्रमाणे त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती. तरी आरसीवर ज्याचे नाव राहिले तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ठरवले. म्हणजे आपली जुनी गाडी विकणाऱ्या बंधूंनीही झोपेत राहू नये.

घेणाऱ्याचे नुकसान विम्यात आहे. गाडी विकली की त्रयस्थाच्या भरपाईचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. तसे केले नाही आणि महिन्याभरात गाडी उलटली किंवा चोरीला गेली, तर घरचे दागिने घालून घेतलेल्या त्या गाडीचा एक रुपया मिळेल याची खात्री नाही. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनसही त्याच्याबरोबरच जातो. तेव्हा 'विमा चालू आहे' या शब्दावर किंमत वाढवून देऊ नये.

इसार देताना साध्या कागदावर का होईना, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मालातला ऐब सांगूनच विकायचा, हा आपल्या बाजाराचा जुना दंडक आहे. म्हणून गाडीला माहीत असलेले दोषही त्याच कागदावर विक्रेत्याकडून लिहून घ्यावेत. खरा विक्रेता याला रागावत नाही. शेवटचा हप्ता, पाच-दहा हजार का असेना, आरसीवर आपले नाव चढल्यावर देण्याचे ठरवावे, आणि एजंटाच्या हाती कागद सोपवून न थांबता आरटीओत विक्रेत्याबरोबर स्वतः जावे.