नवी गाडी, जुनी लबाडी

गाडी ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. अम्मी-अब्बूंना दवाखान्यात न्यायचे असते, ईदला गावी जायचे असते, एखाद्या जनाज्याला वेळेत पोहोचायचे असते. त्यासाठी कुटुंबे पै पै साठवतात. या कष्टाच्या पैशाला शोरूममध्ये कशा वाटा फुटतात, ते आम्ही नुकतेच पाहिले. शोरूमचे नाव घेत नाही. कारण प्रश्न एका दुकानाचा नाही, रीतीचा आहे.

व्याज द्या, सूट घ्या!

व्याजाच्या वाटेला जायचे नाही, म्हणून आम्ही पाच वर्षे पैसे जमवले होते. पहिल्या भेटीत ३५ हजारांची सूट सांगितली गेली. पूर्ण रक्कम बँकेतून एकदम देतो म्हणताच ती नाहीशी झाली. "ही ऑफर लोनवाल्यांसाठी आहे." म्हणजे व्याज देणाऱ्याला गाडी स्वस्त आणि न देणाऱ्याला महाग! वर सल्ला मिळाला, "लोन घ्या, सहा महिन्यांनी फेडून टाका." व्याज सहा महिन्यांचे असो की सहा वर्षांचे, ते व्याजच. आम्ही सूट सोडली.

मग 'ऑन रोड' किमतीचा कागद आला. त्यात हॅंडलिंग चार्जेस, सक्तीचे ॲक्सेसरीज किट आणि शोरूमचाच विमा. तोच विमा बाहेर बराच स्वस्त मिळत होता. सेल्समन आपल्याच समाजातला तरुण होता. हळूच म्हणाला, "चाचा, यातच शोरूमची कमाई आहे. टार्गेट झालं नाही तर माझा पगार कापतात."

कायदा काय सांगतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नव्या कारसाठी तो सुरुवातीलाच तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मात्र तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा, हे ग्राहकानेच ठरवायचे असते. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा मानली आहे.

आम्ही वाद घातला नाही. प्रत्येक रकमेचा खुलासा मॅनेजरकडे ई-मेलने मागितला आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवली. तिसऱ्या दिवशी हॅंडलिंग चार्जेस आणि किट कागदावरून गेले. विमा आम्ही बाहेरून घेतला.

रजिस्ट्रेशनआधी गाडी पाहण्याचा आग्रह धरला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. गाडी आदल्या वर्षी बनलेली होती, किंमत मात्र नव्या वर्षाची. ती नाकारली. तीन आठवडे थांबलो, नवी गाडी मिळाली.

दीन काय सांगतो?

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले निघाले. ते वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्याला सक्त ताकीद दिली. मापात कमी देणाऱ्यांना इशारा देणारी सूरह अल-मुतफ्फिफीन कुरआनात आहे. गाडीचे वर्ष लपवणे म्हणजे ओले धान्य खाली ठेवणेच.

ही गोष्ट काउंटरच्या पलीकडच्या आपल्या मुलांसाठीही आहे. शोरूममध्ये आपले अनेक तरुण नोकरी करतात. टार्गेटचा ताण खरा आहे. पण ग्राहकाला खरे सांगितल्याने रिज्क घटत नाही, त्यात बरकतच येते.

गाडी घेताना

• प्रत्येक रक्कम वेगवेगळी लिहिलेले कोटेशन शिक्क्यासह घ्या. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, तेही लिहून घ्या.
• विम्याचे दर दोन-तीन ठिकाणी विचारा.
• रजिस्ट्रेशनआधी गाडी दिवसाउजेडी पाहा. चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष कागदांशी जुळवा. फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रात ही माहिती असते.
• रोड टॅक्सची मूळ पावती मागा.
• दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते.

व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनाने उधारीच्या संदर्भात दिली आहे. शोरूमच्या गुळगुळीत टेबलावरही ती तितकीच कामाची आहे. अल्लाह आपणा सर्वांच्या कमाईत आणि प्रवासात बरकत देवो. आमीन.