पगाराची तारीख

१२,०८० रुपये. २०२१च्या संपाआधी एसटीतल्या सर्वांत खालच्या टप्प्यावरच्या कर्मचाऱ्याचे हे मूळ वेतन. भत्ते धरून १७,३९५. तीस दिवसांनी भागले तर रोजचे ५८० रुपये, आणि कपाती त्यातूनच.

पगार कमी, ही तक्रार जुनीच. खानदेशात ती जिवावर बेतली, कारण हा तुटपुंजा पगारही वेळेवर होत नव्हता. ९ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाच दिवसांवर असताना, जळगावच्या एका वाहकाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत कमी आणि अनियमित पगाराकडे बोट होते. तेव्हा तीन महिन्यांचे वेतन थकले होते. पुढच्या ऑगस्टमध्ये धुळे जिल्ह्यातल्या साक्री आगाराच्या एका चालकानेही हीच वाट धरली.

उशिराची किंमत

हिशेब मांडून पाहू. भत्ते बाजूला ठेवून फक्त १२,०८० धरू. पगार नाही म्हणून तीन महिने दर महिन्याच्या सुरुवातीला तेवढीच रक्कम शेकडा ३ रुपये मासिक व्याजाने उचलली, तर तिसऱ्या महिन्याअखेर ३६,२४० मुद्दल आणि २,१७४ व्याज. म्हणजे एका पगारातला १८ टक्के हिस्सा निव्वळ उशिरापायी गेला. थकबाकी मिळाली तरी हे व्याज कोणी भरून देत नाही.

१९३६चा वेतन प्रदान कायदा याबाबत स्पष्ट होता: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, हजार किंवा जास्त असतील तर १० तारखेच्या आत. एसटीत माणसे होती सुमारे ९३ हजार.

वाहकाला मात्र एका दिवसाची सवलत नसते. यावल-चोपड्याकडच्या एखाद्या गावात मुक्कामी गाडी लागली की तो तिकीट मशीनवरचा आकडा आणि पिशवीतली रोकड ताडून पाहतो. दहाची नोट कमी भरली तर स्वतःच्या खिशातून घालतो. आगारात पै न् पैचा भरणा करूनच त्याची सुटका होते.

गल्ला एकाचा, हुकूम दुसऱ्याचा

१९५०च्या कायद्याखाली एसटी हे महामंडळ आहे. पगार भागवायचा तो तिकिटांच्या गल्ल्यातून. पण सवलती ठरवते सरकार, आणि तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी करही त्याचाच. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीने चाके थांबली तशी रोकड आटली. पगाराचा खर्च महिन्याला २९० कोटींच्या आसपास होता. म्हणूनच ‘विलीनीकरण’ हा शब्द आगाराआगारात घुमला. त्याचा साधा अर्थ असा, की पगार सरकारी तिजोरीतून द्या, गल्ल्यातून नको.

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस संप सुरू झाला आणि बघता बघता राज्यातली सुमारे २५० आगारे थंडावली. त्यात जळगाव विभागाची ११ होती आणि नंदुरबारसह धुळे विभागाची ९. २४ नोव्हेंबरला मूळ वेतनात वाढ जाहीर झाली: १० वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,०००, १० ते २० वर्षेवाल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५००. खालच्या टप्प्यावरचा १७,३९५चा पगार २४,५९५च्या घरात गेला, म्हणजे ४१ टक्के वाढ. विलीनीकरण मात्र त्रिसदस्यीय समितीने नाकारले. उच्च न्यायालयाने कामावर परतण्यासाठी २२ एप्रिल २०२२ ही मुदत दिली, तोवर जवळपास सहा महिने उलटले होते.

या वाढीने नवा सल मागे ठेवला. ज्याने वीस वर्षे स्टिअरिंग धरले त्याच्या वाट्याला नवख्याच्या निम्मे आले. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा दोन दिवस संप झाला, तेव्हा सर्वांना सरसकट ६,५०० रुपये मान्य झाले. आधीची वाढ वजा जाता नव्यांना १,५००, मधल्यांना २,५००, जुन्यांना ४,०००.

ही वाढ लागू कधीपासून? १ एप्रिल २०२०पासून, कारण चार वर्षांचा आधीचा करार त्याच्या आदल्या दिवशी संपला होता. म्हणजे निर्णय ५३ महिने उशिरा आला. जळगावच्या त्या वाहकाने दिवाळीच्या तोंडावर पगाराची वाट पाहिली, तेव्हा थकलेल्या तीन महिन्यांबरोबर हे वाढीव पैसेही त्याच्या नावावर चढत होते. कागदावर ते दिसायला आणखी जवळपास चार वर्षे लागली.