हातोडा घरी ठेवणारा माणूस

सह्याद्रीतल्या सुळक्याखाली चढाईचं सामान मांडलं की माझा हात आधी फ्रेंड नावाच्या उपकरणाकडे जातो. दोन बोटांनी खटका ओढला की ॲल्युमिनियमच्या चार दातेरी पाकळ्या मिटतात. भेगेत सरकवून सोडला की उघडून दोन्ही भिंतींना भिडतात. पहिल्यांदा लावला तेव्हा मी तीनदा हिसके दिले, मग जीव मुठीत धरून सगळा भार टाकला. तो जागचा हलला नाही. आपला बेसॉल्ट ठिसूळ, प्रत्येक भेग त्याला मानवत नाही; पण मानवते तिथे मेख ठोकावी लागत नाही.

हे उपकरण रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकाचं. शिक्षण विमान आणि अंतराळ अभियांत्रिकीचं, नोकरीही त्याच क्षेत्रातली. ती सोडून तो योसेमिटी खोऱ्यातल्या ग्रॅनाइटवर आला. तिथल्या कातळाची तेव्हा दैना झाली होती. त्याच त्या भेगांत वर्षानुवर्षं पोलादी मेखा ठोकून-उपटून खड्डे पडले होते. १९७२ मध्ये चढाईचं सामान बनवणाऱ्या इव्हॉन शुइनार्डने आपल्या कॅटलॉगमधूनच मेखांऐवजी हाताने अडकवायचे ठोकळे वापरण्याचा आग्रह धरला. पण ठोकळ्याला खाली निमुळती होणारी भेग लागते. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची भेग आली की तो सरळ निसटतो.

जार्डिनने नेमकी हीच भेग धरली. पाकळीची कड त्याने लॉगरिदमिक सर्पिलाच्या वळणाने कापली. त्यामुळे पाकळी कमी उघडो वा जास्त, कातळाशी तिचा कोन तोच राहतो, पावणेचौदा अंशांच्या आसपास. खाली जेवढी ओढ बसते, त्याच्या सुमारे दुप्पट दाब दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पडतो. पडणाऱ्याचं वजनच त्याला धरून ठेवतं! या वळणाची कल्पना गिर्यारोहक ग्रेग लोव यांनी आधीच वापरली होती, हेही सांगायला हवं. पण समोरासमोर फिरणाऱ्या पाकळ्या, स्प्रिंग आणि एका हाताने ओढायचा खटका यांची मोट बांधली ती जार्डिनने.

कित्येक वर्षं हे गुपित होतं. सोबत्यांकडून त्याने मौनाची शपथ घेतली होती. याच गुप्त फ्रेंडच्या आधाराने १९७७ मध्ये त्याने फिनिक्स ही भेग सर केली, ५.१३ या काठिण्यश्रेणीची अमेरिकेतली ती पहिली चढाई मानली जाते. १९७८ पासून इंग्लंडमध्ये मार्क व्हॅलन्स यांच्या वाइल्ड कंट्री कंपनीने फ्रेंड बाजारात आणले, १९८० मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. सुरुवातीच्या फ्रेंडचा दांडा ताठ होता. आडव्या भेगेत तो कडेवर वाकून तुटण्याची भीती असे, म्हणून लोक दांड्याच्या भोकातून दोरी ओवून भार पुढे घेत. पुढे लवचिक तारेचे दांडे आले.

एक गोष्ट मात्र मला आजही सलते. १९८१ मध्ये योसेमिटीतल्याच एल कॅपितान कड्याच्या नोज या मार्गावर, मुक्त चढाईची (साधनांवर भार न टाकता, फक्त हातापायांनी चढायची) वाट काढण्यासाठी याच माणसाने एका आडव्या टप्प्यावर छिन्नीने कातळात पकडी कोरल्या. मेखांच्या जखमा ज्याच्या हत्यारामुळे थांबल्या, त्यानेच असं करावं? १९९३ मध्ये गिर्यारोहक लिन हिलने नोजची पहिली मुक्त चढाई केली ती त्याच आडव्या टप्प्यावरून. तिची कामगिरी त्यामुळे कमी होत नाही, पण कातळावरचे घाव काही बुजत नाहीत.

त्यानंतर जार्डिन कड्यांपासून दुरावला. बायको जेनीसोबत शिडाच्या बोटीने जगप्रदक्षिणा केली, मग दोघं पॅसिफिक क्रेस्टसारख्या लांबच्या पायवाटा चालू लागली. इथे त्याची नजर पाठीवरच्या ओझ्यावर गेली. तंबू गेला, ताडपत्रीसारखं हलकं छत आलं. झोपायच्या पिशवीचा पाठीखालचा भाग त्याने कापूनच टाकला, कारण अंगाखाली चेपलेल्या भरावात ऊब राहत नाही. उरली ती साधी रजई. तिचं गुपित मात्र त्याने राखलं नाही. कापड, भराव आणि टाके कसे घालायचे याच्या बारीक सूचना असा संच तो विकू लागला. रजई ज्याची त्याने घरच्या शिलाई मशीनवर शिवायची.