जुन्या गाडीची चढलेली रेस: स्क्रूला हात लावण्यापूर्वी

सिग्नलला गाडी थांबते, गिअर न्यूट्रलमध्ये असतो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला असतो, तरीही इंजिन मोठ्याने घुमत राहते. कधी रेस आपोआप चढते, उतरते आणि पुन्हा चढते. पंधरा-वीस वर्षे दुकानाच्या व घराच्या कामाला राबलेल्या गाडीत ही तक्रार आज ना उद्या उद्भवतेच. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तरी ती व तिच्या पिढीतील इतर गाड्या अनेक कुटुंबांनी अद्याप जपून ठेवल्या आहेत. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा आयडलिंगचा स्क्रू फिरवून आवाज खाली आणला जातो. आवाज उतरतो, दोष मात्र जागच्या जागी राहतो. आणि क्वचित तो दोष ब्रेकच्या यंत्रणेतला असतो.

तापलेले पेट्रोल इंजिन न्यूट्रलमध्ये मिनिटाला साधारणतः ८०० ते ९०० फेरे घेते. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. या अवस्थेत थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला अगदी मोजकी हवा मिळते. पेट्रोल इंजिनाची गती मुख्यतः आत जाणाऱ्या हवेवर ठरते. संध्याकाळी गल्ल्यात हिशेबापेक्षा जास्त रक्कम निघाली, तर ती कोठून आली याचा शोध घेतल्याशिवाय चोख व्यापारी वही मिटत नाही. चढलेली रेस ही बहुधा अशीच वहीत नोंद नसलेली हवा असते.

सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर रेस चढलेली असणे हा दोष नव्हे. काही मिनिटांत इंजिन तापले की ती आपोआप उतरली पाहिजे. हाताने ओढावयाचा चोक असलेल्या गाडीत तो पूर्ण आत गेला आहे ना, हे आधी पाहावे. वातानुकूलन चालू करताच रेस किंचित वाढणे हेही योजनापूर्वक केलेले असते. त्यानंतर बिनखर्चाच्या गोष्टी. पायाखालची मॅट सरकून पेडलवर चढली आहे काय? इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडावे, दुसऱ्या कोणी पेडल दाबून सोडावे, आणि थ्रॉटलचा खटका झटकन मूळ जागी परततो की रेंगाळतो हे निरखावे. रेंगाळत असेल तर केबल आतून गंजलेली असते किंवा खटक्याच्या सांध्यात मळ साचलेला असतो. केबल अति ताणून बसविली असेल, तरी झडप पूर्ण मिटत नाही.

एवढे निर्दोष निघाले की संशय रबरी नळ्यांकडे वळतो. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहून त्या कडक होतात आणि टोकाशी तडकतात. तडा बोटाला लागतो, डोळ्यांना सहसा दिसत नाही; म्हणून इंजिन गार असताना प्रत्येक नळी टोकाशी हलकेच वाकवून पाहावी. कार्बोरेटरखालचे किंवा मॅनिफोल्डचे पॅकिंग सुटले असेल, तर शांत जागी बारीक फुसफुस ऐकू येते. कार्बोरेटरच्या खालून शिरणाऱ्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते, आणि ते बंद पडू नये म्हणून कोणीतरी स्क्रू आवळून ठेवतो. पुढे ही गाडी तापल्यावर ओरडू लागली, तर दोष त्या आवळलेल्या स्क्रूच्याही पदरात टाकावा लागतो. गळतीचा माग काढण्यासाठी ज्वालाग्राही स्प्रे मारण्याची पद्धत गॅरेजमध्ये आहे. तप्त इंजिनावर घरी तो प्रयोग कदापि करू नये.

या नळ्यांपैकी जाडशी एक नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते, आणि सर्वांत अधिक लक्ष तिलाच द्यावयास हवे. पायाचा जोर वाढविणारे हे साधन इंजिनाच्या निर्वातावर चालते. नळी किंवा बूस्टरमधील पडदा फाटला, तर हवा इंजिनात शिरून रेस बिघडते आणि त्याच वेळी ब्रेक जड होतो. ज्या गाडीला बूस्टर आहे, तिची परीक्षा घरीच होते. सपाट जागी हँडब्रेक ओढून व इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग पाय दाबूनच ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते हलले नाही, किंवा पेडल दाबताच फुसफुस होऊन रेस बदलली, तर ती गाडी वर्दळीत न नेता मेकॅनिकलाच घरी बोलवावे.

इंधन फवारणीच्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत संगणक मध्ये येतो आणि लक्षण पालटते. अशा कित्येक गाड्यांत मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. गळतीने दाब वाढला की इंजिनावर भार आला, असा संगणकाचा समज होतो आणि तो पेट्रोल वाढवितो. थ्रॉटल मिटलेला असूनही फेरे वाढलेले दिसताच तोच संगणक पेट्रोल तोडतो. फेरे उतरले की पुन्हा देतो. मेकॅनिक ज्याला हंटिंग म्हणतात, ती झोके घेणारी रेस पुष्कळदा अशी जन्मते. आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह कार्बनने अडकला तरी हेच घडते, आणि तो नुसता स्वच्छ करून काम भागू शकते. नवा सेन्सर घेण्यापूर्वी ही सफाई करून पाहणे शहाणपणाचे.

थर्मोस्टॅटची गोष्ट मात्र निराळी आहे. गाडी तापते म्हणून एखाद्या उन्हाळ्यात तो काढून टाकला जातो आणि पुढे सारेच ते विसरतात. त्याविना इंजिनाला योग्य उष्णता गाठावयास फार वेळ लागतो. संगणक इंजिन गार समजून रेस व पेट्रोल दोन्ही वाढवून ठेवतो. मायलेज घटले आणि हीटर कोमटच राहिला, तर हा प्रश्न आवर्जून विचारावा. कूलंट कमी होऊन सेन्सरपाशी हवा अडकली तरी हाच भ्रम होतो. पातळी पाहण्यासाठी रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडावे.

रेस चढण्याऐवजी खाली जाऊन इंजिन थरथरत असेल, तर प्लग, त्यांच्या वायरी आणि कार्बोरेटरचा स्लो जेट आधी तपासावा.

चालू इंजिनापाशी वाकताना पदर, ओढणी वा उपरणे पट्ट्यापासून दूर राहील याची काळजी घ्यावी. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्क्रूची पाळी सर्वांत शेवटी. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन पूर्ण तापलेले, दिवे व वातानुकूलन बंद आणि रेडिएटरचा पंखा थांबलेला असताना आयडल लावावे, आणि मिश्रणाचा स्क्रू धूर मोजणाऱ्या यंत्रावर. पेट्रोल गाडीचा पीयूसीचा धूर आयडलवर मोजला जातो. एमपीएफआय गाडीत थ्रॉटलच्या टेकणीचा स्क्रू कारखान्यात बसविलेला असतो. तो फिरवू नये, असे मेकॅनिकला आधीच सांगून ठेवावे.