विरहाची गझल कशी वाचावी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागावर चादर विणताना उभे धागे ताणलेले राहतात आणि आडवा धागा त्यांतून ये-जा करत नक्षी उमटवतो. गझलेची वीणही काहीशी अशीच असते. वृत्त, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यामागून जसाच्या तसा परतणारा शब्द किंवा शब्दसमूह हे तिचे ताणलेले धागे, तर प्रत्येक शेरात, म्हणजे दोन ओळींच्या कडव्यात, बदलणारा विचार ही तिची नक्षी.

माधव जूलियनांनी ‘गज्जलांजली’तून (1933) हा प्रकार मराठीत रुजवला. पुढे सुरेश भटांनी तो घराघरांत नेला. सोलापूरचे कवी संजीव यांनीही गझला लिहिल्या.

प्रेमभंगाची गझल वाचताना सलग गोष्ट शोधू नये. प्रत्येक शेर दोन ओळींत पुरा होतो. पहिली ओळ उत्सुकता वाढवते, दुसरी तिला कलाटणी देते. मग रदीफकडे बघावे. समजा, ती ‘आता नाही’ अशी आहे. एका शेरात ती तक्रार वाटेल, दुसऱ्यात सुटका, तिसऱ्यात नुसती थकलेली कबुली. तुटलेले मनही असेच एकाच शब्दापाशी पुन्हा पुन्हा येते. इथे रचनाच दुःख बोलते.

शेवटी विचारावे, यातला ‘तू’ कोण? ज्ञानेश्वरांच्या ‘विरहिणी’ अभंगांत तो विठ्ठल आहे. गझलेत तो प्रियकर, हरवलेले गाव किंवा कवीचे जुने रूपही असू शकतो. म्हणून कवितेतल्या ‘मी’ला लगेच कवीचे चरित्र समजू नये.