घाटात तापलेली गाडी आणि हातात नसलेला कागद

वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याकडे येत होतो. पावसाची झड लागलेली, समोर धुके. अर्ध्या घाटात गाडीचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. गाडीत सहा प्रवासी होते; त्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली एक पोर. तास-दीड तास सगळे रस्त्याच्या कडेला भिजत उभे राहिले. त्या पोरीच्या आईने आमच्याकडे जसे पाहिले, ते आम्ही विसरलेलो नाही.

गाडी जुनी नव्हती. शोरूममधून बाहेर पडून चार महिने झाले होते. घरातले सोने मोडून पहिली रक्कम भरली, बाकी बँकेचे कर्ज. पिवळ्या पाटीची गाडी, थोरला मुलगा स्वतः चालवतो. त्या भाड्यावर हप्ता जातो आणि चूल पेटते. म्हणून ही हकीकत लिहितो आहोत. आपल्यातली कितीतरी मुले आज कर्जाने रिक्षा, टेम्पो, जीप घेत आहेत. आमची चूक त्यांनी करू नये.

चार फेऱ्या, एकही कागद नाही

गगनबावडा ते कोल्हापूर सुमारे पंचावन्न किलोमीटर. तेवढी वाट तुडवत आम्ही चार वेळा वर्कशॉपला गेलो. काचेच्या केबिनमधला साहेब गोड बोलायचा. पहिल्या वेळी त्यांनी कूलंट भरले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "काही दोष सापडत नाही." तिसऱ्या वेळी, "तुम्ही लोड जास्त टाकता." चौथ्या वेळी, "घाटातली गाडी थोडी तापायचीच." प्रत्येक वेळी जॉबकार्डावर आमची सही घेतली, प्रत आम्ही मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही. चार दिवसांचे भाडे बुडाले आणि हातात काय? काहीच नाही.

शेवटी कळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी पान्यालाही हात लावला नाही. म्हणाले, "म्या खोलली की वॉरंटी गेली म्हणत्याल. तुमी वही घाला. रोज सकाळी इंजिन गार असताना पाणी कुठवर हाय ते लिवा. गळती कुठं दिसत न्हाई आन् पाणी तर कमी हुतंय, मग ते आतच जातंय की!"

बारावीतल्या मुलीने शाळेच्या वहीत रकाने आखले: तारीख, किलोमीटर, कूलंटची पातळी, काटा कुठे चढला, माणसे किती. दीड महिन्यात वहीच बोलू लागली. सपाटीला गाडी गप्प, चढाला लागली की काटा वर. परवान्यापेक्षा एक माणूसही जास्त नव्हता, हेही त्यात आले.

गाडी का तापते?

मिस्त्रींनी समजावले ते सांगतो. इंजिनाभोवती कूलंट फिरते आणि रेडिएटरमध्ये थंड होते. थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप साधारण ऐंशी ते नव्वद अंशांना उघडते. ती अडकली, पंखा फिरला नाही, वॉटर पंप थकला किंवा रेडिएटर तुंबला, तर उष्णता आतच कोंडते. तशीच गाडी दामटली की हेड गॅस्केट उडते, हेड वाकते आणि शे-पाचशेचे काम हजारांवर जाते.

काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा, जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली उकळते पाणी असते, तोंड-हात भाजतात.

बोलणे थांबवले, लिहिणे सुरू केले

पाचव्या वेळी आम्ही गेलो नाही, पत्र पाठवले. स्पीड पोस्टाने, पोच ठेवून. एक प्रत डीलरला, एक कंपनीला. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. मागणी साधी होती: तुमचा माणूस आमच्यासोबत भरल्या गाडीत करूळ घाट चढू दे, आणि जे दिसेल ते लेखी द्या.

माणूस आला. घाटात काटा त्याच्या डोळ्यांदेखत चढला. इंजिन खोलले तेव्हा हेड गॅस्केट गेलेले निघाले. वॉरंटीत फुकट बदलून दिले, पण गाडी तेवीस दिवस तिथेच पडून राहिली. बुडालेल्या भाड्याबद्दल ब्र नाही. आणि दोन महिन्यांनी पाणी पुन्हा कमी होऊ लागले.

मग आम्ही कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. डीलरचे उत्तर आले: गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही!

वाचकहो, इथे घाबरून मागे फिरू नका. 1993 साली ग्राहक कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'तून वगळली गेली. 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षाचेच उदाहरण दिले. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा हा ग्राहकच. मदतीला एखाददुसरा माणूस ठेवला म्हणून त्याचा हक्क जात नाही. 2019 च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. मात्र तक्रारीत 'स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी' हे शब्द स्पष्ट लिहावेत.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

जॉबकार्डाची प्रत घेतल्याशिवाय वर्कशॉपचे फाटक ओलांडू नका. आपली तक्रार आपल्या शब्दांत त्यावर लिहून घ्या.

बँकेचा हप्ता थांबवू नका. भांडण डीलरशी आहे. हप्ता चुकला तर गाडीच उचलून नेतील.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

लगेच नवी गाडी मिळेल अशा आशेवर राहू नका. वॉरंटीत दोषी भाग बदलून देणे एवढीच जबाबदारी असेल, तर अख्खी गाडी मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली मारुतीच्या एका खटल्यात दिला. मूळ बनावटीतच दोष आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. गाडीची तपासणी करून घ्यावी, असा अर्ज आयोगाकडे करता येतो. आम्ही तो केला आहे.

निकाल अजून लागलेला नाही. मुलगा आता घाटाची भाडी घेत नाही, कोल्हापूरच्या सपाट वाटेवरच गाडी चालवतो. कमाई निम्म्यावर आली आहे. पण पुढच्या तारखेला आम्ही जाणार आहोत, आणि या वेळी हात रिकामे नसतील. मुलीची ती वही सोबत असेल. पहिल्या पानावर तिने लिहिले आहे, 'गाडी खोटे बोलत नाही.' साहेब गोड बोलत होते तेव्हा आम्हीही एवढेच लिहून ठेवले असते, तर वर्ष वाचले असते.